नकाशावर ७,८०० किलोमीटर, तिकिटावर १३ तास: हेलसिंकी ते टोकियो प्रवासाचं एक प्रकरण

या प्रकरणातली शहरांची नावं खरी ठेवली आहेत, कारण त्यांच्यामधलं अंतर हाच इथला विषय आहे. माणसं, रुग्णालयं, वर्ष आणि इतर खुणा काढून टाकल्या आहेत. उड्डाणांच्या ठरलेल्या वेळा मोजायला सोप्या जाव्यात म्हणून अर्ध्या तासाच्या पटीत आणल्या आहेत. त्यामुळे गणिताचा निष्कर्ष बदलत नाही, हे तपासून घेतलं आहे. प्रवास झाल्यानंतर या आराखड्याचा आढावा घेणाऱ्यांत माझा सहभाग होता.

पार्श्वभूमी

रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी किंवा किरणांनी जवळजवळ पुसून टाकावी लागते आणि तिच्या जागी निरोगी दात्याच्या मूळपेशी द्याव्या लागतात. जुळणारा दाता कुटुंबात मिळाला नाही तर जगभरच्या दातानोंदींत शोध घेतला जातो. कधी कधी दाता एका खंडात सापडतो आणि रुग्ण दुसऱ्या खंडात असतो. इथे दाता हेलसिंकीत होता, रुग्ण टोकियोत.

दात्याला आधी काही दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी मज्जेतून रक्तात आणल्या जातात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त दात्याला परत मिळतं. याला चार ते सहा तास लागतात. जमलेल्या पेशींची पिशवी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या पेटीत ठेवली जाते आणि एक प्रशिक्षित वाहक ती पेटी स्वतःबरोबर विमानाच्या केबिनमधून नेतो. पेटी क्ष-किरण यंत्रातून जाऊ देत नाहीत. सुरक्षा अधिकारी ती हाताने तपासतात. वाहक तिला संपूर्ण प्रवासात नजरेआड होऊ देत नाही.

ताज्या पेशी साधारणपणे ७२ तासांच्या आत रुग्णाला द्याव्यात असं धरलं जातं. टोकियोच्या रुग्णालयाने त्याहून कडक, ४८ तासांची मर्यादा घातली होती. पेशी संकलन संपल्या क्षणापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंतचे हे ४८ तास. पिशवी निघण्याआधीच रुग्णाची मज्जा पुसण्याचे उपचार सुरू झालेले असतात आणि त्यानंतर मागे फिरता येत नाही. म्हणून अशा प्रवासात विमान किती वाजता पोचणार हा प्रश्न कुणाच्या सोयीगैरसोयीचा उरत नाही.

हेलसिंकीतलं संकलन केंद्र छोटं होतं. त्यांच्या बहुतेक पिशव्या युरोपातच जात. दोन-तीन तासांची उड्डाणं, घड्याळात एखाद्या तासाचा फरक. वेळ काढायची त्यांची पद्धत सरळ होती: दोन शहरांमधलं अंतर शोधायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, वर अर्धा-पाऊण तास धरायचा. युरोपात ती कधी फसली नव्हती. टोकियोला पिशवी पाठवायची ही त्यांची पहिलीच वेळ.

या वाटेबद्दल थोडं

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोन्हींतून जाणाऱ्या बृहद्वर्तुळाचा (पृथ्वीचे बरोबर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा) तुकडा. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली केलेल्या नकाशाची पद्धत आजही भिंतीवर दिसते. त्यात उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात आणि हेलसिंकीहून टोकियोला जायचं तर सरळ पूर्व-आग्नेयेला निघावं असं वाटतं. गोलावर दोरा ताणून पाहिला तर तो आधी ईशान्येकडे चढतो, सायबेरियावरून जातो आणि मग जपानकडे उतरतो. हा दोरा सुमारे ७,८०० किमीचा. ताशी ८५० किमी वेगाने भागलं तर सव्वानऊ तासांच्या आत. टॅक्सिंग (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढण-उतरण आणि वाऱ्याचा फायदा-तोटा धरून उड्डाण साडेनऊच्या आसपास बसत असे. पूर्व आशियाला जवळचं युरोपीय विमानतळ म्हणून हेलसिंकीचं नाव झालं ते याच दोऱ्यामुळे.

पण हा दोरा नेहमीच मोकळा नव्हता. सोव्हिएत काळात पाश्चात्त्य विमानांना सायबेरियावरून सहजी जाता येत नसे. १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोकियो सेवा सुरू केली तेव्हा विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाऊन अलास्कात अँकरेजला इंधनासाठी उतरत असे. १९८३ साली फिनएअरने हेलसिंकी ते टोकियो विनाथांबा उड्डाण सुरू केलं, तेही ध्रुवावरूनच आणि सुमारे १३ तासांचं. पुढे सायबेरियावरची वाट खुली झाली, वेळ साडेनऊ-दहा तासांवर आली आणि एक अख्खी पिढी तीच वेळ नैसर्गिक मानून वाढली.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने युरोपीय विमानांना. मार्चमध्ये हेलसिंकी-टोकियो उड्डाणं पुन्हा सुरू झाली ती दोन वाटांनी. एक जुनी, ध्रुवावरून आणि अलास्काच्या बाजूने. दुसरी दक्षिणेची: पोलंड, रोमानिया, काळा समुद्र, कॉकेशस, कझाखस्तान, चीन, कोरिया. त्या दिवशीच्या वाऱ्यांवरून कोणती घ्यायची ते ठरतं. नकाशावर तुकडे जोडून मोजलं तर दोन्ही वाटा ११,००० किमीच्या घरात किंवा त्यापुढे जातात. वेळ पुन्हा १३ तासांच्या आसपास. जवळजवळ चाळीस वर्षांनी घड्याळ १९८३ च्या जागी परत आलं.

शहरं जिथल्या तिथे आहेत. त्यांच्यामधलं अंतर कुणी विचारलं तर आजही ७,८०० किमी हेच बरोबर उत्तर आहे, आणि या केंद्राला नडलं ते हेच बरोबर उत्तर.

अडचण

संकलन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवारी ठरलं होतं. सहा आठवडे आधी केंद्राच्या समन्वयकाने वेळेचा तक्ता बनवून टोकियोला पाठवला. त्यात असं होतं: सोमवारी दुपारी १ वाजता संकलन पूर्ण, संध्याकाळी ५:३० ला उड्डाण, साडेनऊ तासांचा प्रवास, म्हणजे हेलसिंकीच्या घड्याळात पहाटे ३. टोकियो सहा तास पुढे, म्हणून तिथे सकाळी ९. विमानतळावरची तपासणी, कागदपत्रं आणि शहरात पोचणं यासाठी तीन तास. मंगळवारी दुपारी १२ वाजता पिशवी रुग्णालयात.

साडेनऊ तास हा आकडा अंतर दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतला होता. तिथे अंतर बरोबर होतं आणि त्याखाली त्या अंतराला वेगाने भागून काढलेली वेळ होती. संकेतस्थळाला बंद आकाशाचं काही देणंघेणं नव्हतं. समन्वयकालाही ही शंका आली नाही, कारण १० वर्षांपूर्वी तो स्वतः या मार्गाने गेला होता आणि त्याच्या आठवणीतही साडेनऊच तास होते. आठवण आणि आकडा एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा तिसरीकडे पाहायचं सुचत नाही. या चुकीबद्दल त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

टोकियोच्या रुग्णालयाने तक्त्यावरून प्रत्यारोपण पथकाच्या पाळ्या लावल्या. तिकीट काढण्याचं काम केंद्रातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे होतं. तिकीट योग्य उड्डाणाचं निघालं, पण तिकीट आणि तक्ता शेजारी शेजारी कुणी ठेवले नाहीत.

चूक पकडली वाहकाने. संकलनाच्या चार दिवस आधी तिच्या हाती दोन्ही कागद आले. तिने तिकिटावरच्या वेळा पाहिल्या: सुटणार संध्याकाळी ५:३०, पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारी १:३०. घड्याळात २० तास. हिवाळी वेळेनुसार टोकियो सात तास पुढे, म्हणजे प्रत्यक्ष प्रवास १३ तास. तिने फोन करून एवढंच विचारलं, "तिकिटात तेरा तास आहेत, तक्त्यात साडेनऊ का?"

तक्त्यात साडेचार तासांची तूट होती. ती एका चुकीची नव्हती, दोन वेगळ्या जातींच्या चुकांची होती, आणि हे वेगळं करून पाहणं पुढच्या निर्णयांसाठी फार महत्त्वाचं ठरलं.

पहिली चूक साडेतीन तासांची, उड्डाणाच्या कालावधीतली. हे खरे तास होते. पेशींचं वय या तासांनी वाढतं.

दुसरी चूक एका तासाची, घड्याळातली. फिनलंडमध्ये उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. जपान घड्याळ कधीच बदलत नाही. त्यामुळे दोन शहरांमधला फरक उन्हाळ्यात सहा तास, हिवाळ्यात सात. तक्ता सप्टेंबरमध्ये बनला होता, प्रवास बदलाच्या दुसऱ्याच दिवशी होता. हा तास पेशींना कळत नाही, पिशवी त्याने जुनी होत नाही. पण टोकियोत वाट पाहणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि रुग्णाला तो पुरेपूर कळतो.

भरीला विमानांचं हिवाळी वेळापत्रकही त्याच रविवारी लागू होतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये पाहिलेलं सुटण्याचं वेळापत्रकही त्या सोमवारी खरं असेल याची हमी नव्हती. या प्रकरणात सुटण्याची वेळ बदलली नाही, हा योगायोग.

पर्याय आणि त्यांचं वजन

नवा हिशेब असा: सोमवारी १ वाजता संकलन पूर्ण, मंगळवारी टोकियोच्या दुपारी १:३० ला विमान उतरणार, ४:३० ला पिशवी रुग्णालयात. तेव्हा पिशवीचं वय साडेवीस तास. ४८ तासांच्या मानाने ऐसपैस. पहिल्या बैठकीत म्हणूनच सुटकेचा नि:श्वास टाकला गेला: पाळ्या बदलू, बाकी सगळं तसंच राहू दे.

बैठक तिथेच संपली असती तर खरी अडचण दिसलीच नसती. पेशींचं संकलन दरवेळी एका दिवसात पुरं होत नाही. पहिल्या दिवशीची मोजणी रुग्णाच्या वजनाला लागणाऱ्या संख्येपेक्षा कमी भरली, तर दाता दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मूळ आराखड्यात याची तरतूद होती: तसं झालं तर सोमवारची पिशवी केंद्राच्या शीतकपाटात ठेवायची आणि मंगळवारच्या पिशवीबरोबर एकाच वाहकाने न्यायची. एक वाहक, एक पेटी, एकदाच कागदपत्रं. युरोपात ते नेहमी असंच करत.

या तरतुदीला नवे तास लावून पाहिले. जुन्या तक्त्याप्रमाणे सोमवारची पिशवी रुग्णालयात पोचताना ४१ तासांची झाली असती, सात तास शिल्लक. खऱ्या हिशेबाने ती साडेचव्वेचाळीस तासांची होणार होती, शिल्लक साडेतीन तास. शिल्लक निम्म्यावर आली होती.

मग राखीव वाट तपासली. अशा प्रत्येक प्रवासाला दुसरं तिकीट तयार ठेवायचं असतं, पहिलं विमान रद्द झालं तर म्हणून. सर्वांत सोयीची राखीव वाट इस्तंबूलमार्गे होती. हेलसिंकीहून संध्याकाळी ७:३० ला निघून साडेतीन तासांत इस्तंबूल, तिथे अडीच तास थांबा, मग ११ तासांत टोकियो, संध्याकाळी ७:३० ला. रुग्णालयात १०:३०.

इथे अंतराची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आढाव्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती हीच. हेलसिंकी ते इस्तंबूल सुमारे २,१०० किमी, इस्तंबूल ते टोकियो सुमारे ९,०००. एकूण ११,१०० च्या आसपास. जुन्या ७,८०० किमीच्या दोऱ्यापुढे हा मोठा वळसा दिसतो. पण विनाथांबा विमानाची आजची दक्षिणेची वाट कॉकेशस आणि कझाखस्तानवरूनच जाते आणि तीही त्याच पट्ट्यातली, जवळजवळ तेवढ्याच लांबीची आहे. म्हणजे किलोमीटरमध्ये आता थेट आणि वळसा यांत फारसा फरक उरलेला नाही. फरक पडतो तो थांब्याचा, आणखी एका टॅक्सिंग-चढणीचा आणि विमान चुकण्याच्या धोक्याचा.

तर राखीव वाटेने एका दिवसाची पिशवी साडेसव्वीस तासांची होऊन पोचली असती. चालण्यासारखं. एक दिवस थांबलेली पिशवी मात्र साडेपन्नास तासांची. मर्यादेबाहेर. म्हणजे दोन्ही पिशव्या एकत्र पाठवायच्या ठरल्या तर राखीव तिकीट फक्त कागदावर राखीव होतं. मुख्य विमान रद्द झालं तर सोमवारच्या पेशी वेळेत पोचवणारी दुसरी वाटच नव्हती.

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होता. पहिल्या बैठकीत नि:श्वास टाकणाऱ्यांनी सोपा मार्ग तपासला होता. कठीण मार्गही तपासावा असा आग्रह टोकियोच्या समन्वयिकेने धरला.

समोर तीन पर्याय राहिले.

एक: रुग्णालयाला ४८ ऐवजी ७२ तास मान्य करायला सांगायचं. वैद्यकीय दृष्टीने अशक्य नव्हतं. टोकियोच्या डॉक्टरांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. मर्यादा वाहतुकीच्या सोयीने ढिली करायला घेतली की तिचा उपयोगच संपतो. ती आणीबाणीसाठी हातची राहू द्यावी.

दोन: पेशी गोठवून पाठवायच्या. मग वेळेचा प्रश्न मिटतो. पण गोठवून पुन्हा वितळवताना काही पेशी गमवाव्या लागतात, आणि दुसऱ्या दिवसाची गरज पडते ती मुळात पेशी कमी भरल्यामुळेच. हा पर्याय लवकर मागे पडला.

तीन: दोन वाहक. पहिल्या दिवशी कमी भरलं तरी सोमवारची पिशवी सोमवारीच निघेल. मंगळवारची मंगळवारी दुसऱ्या वाहकाबरोबर. प्रत्येक पिशवी साडेवीस तासांची होऊन पोचेल, प्रत्येकीला खरी राखीव वाट असेल आणि एक विमान अडकलं तरी दोन्ही पिशव्या एकदम अडकणार नाहीत. खर्च मात्र जवळजवळ दुप्पट, आणि गरज पडेलच असं नाही अशा दुसऱ्या वाहकाला सज्ज ठेवायचं.

या तिसऱ्या पर्यायाची एक कमी बोलली गेलेली अडचण होती. सोमवारी मोजणीचा निकाल साधारण दुपारी ३ ला येणार होता आणि पेटीचं हाताने होणारं तपासणीचं काम लक्षात घेता वाहकाने केंद्रातून ३:१५ च्या आत निघायला हवं होतं. म्हणजे "पाठवायची की ठेवायची" हा निर्णय पंधरा मिनिटांत घ्यावा लागला असता. टोकियोत तेव्हा रात्रीचे दहा. अशा वेळी नवा विचार करायचा नसतो.

काय केलं

शुक्रवारी दोन्ही शहरांच्या बैठकीत तिसरा पर्याय ठरला आणि निर्णय आधीच लिहून ठेवला: मोजणी काहीही आली तरी सोमवारची पिशवी सोमवारीच निघेल. मोजणीवर फक्त एवढंच ठरेल की मंगळवारी दाता पुन्हा येणार की नाही. पंधरा मिनिटांचा निर्णय अशा रीतीने तीन दिवस आधी घेतला गेला.

तक्ता नव्याने लिहिला. प्रत्येक ओळीत तीन वेळा: हेलसिंकीची, टोकियोची आणि समन्वित जागतिक वेळ (यूटीसी, जगभर एकच असणारी). पिशवीचं वय फक्त जागतिक वेळेवरून मोजायचं, स्थानिक वेळ फक्त माणसांना बोलावण्यासाठी वापरायची. हा नियम समन्वयकाचाच. उड्डाणाचा कालावधी तिकिटावरून घेतला आणि मागच्या काही आठवड्यांत तेच उड्डाण प्रत्यक्ष किती वाजता उतरलं ते पाहून त्याशी ताडून पाहिला. किलोमीटरचा रकानाच काढून टाकला.

टोकियोत उतरायचं विमानतळ बदलावं का, यावरही बोलणं झालं. नारिता शहराच्या मध्यापासून साठ-सत्तर किमी दूर, हानेदा खूप जवळ. पण हानेदाला उतरणाऱ्या उड्डाणाच्या वेळा संकलनाशी जुळत नव्हत्या. तासाभराच्या रस्त्यासाठी पिशवीला रात्रभर थांबवणं चुकीचं ठरलं असतं. नारिताच राहिलं. फक्त गाडीबरोबर रेल्वेचा पर्यायही वाहकाच्या कागदावर लिहिला, रस्ता तुंबला तर म्हणून.

काय घडलं

सोमवारी संकलन वेळेवर संपलं. ३ ला मोजणी आली: गरजेच्या ७० टक्क्यांच्या आसपास. चर्चा झाली नाही. ठरल्याप्रमाणे पहिली वाहक ३:१० ला निघाली. विमान वेळेवर सुटलं आणि दक्षिणेच्या वाटेने गेलं. टोकियोत पिशवी अंदाजापेक्षा वीस मिनिटं आधी पोचली, तापमानाची नोंद सगळ्या प्रवासात हद्दीत होती.

मंगळवारी दाता पुन्हा आला. दुसरी पिशवी भरली, दुसरा वाहक विमानतळावर पोचला आणि तिथे विमानाला ३ तास १० मिनिटं उशीर झाला. तांत्रिक तपासणी, एवढंच कारण सांगितलं गेलं. इस्तंबूलचं राखीव विमान अजून सुटायचं होतं. बदलायचं का? हा त्या प्रवासातला एकमेव निर्णय होता जो आधी लिहून ठेवलेला नव्हता. वाहकाने समन्वयकाला फोन केला. उशीर झालेलं विमान ८:४० ला सुटलं तर टोकियोला दुपारी ४:४० ला पोचणार होतं. इस्तंबूलमार्गे ७:३० ला. उशीर आणखी वाढला तरच इस्तंबूल फायद्याचं. पण ते विमान ७:३० लाच निघणार होतं, म्हणजे मुख्य विमान खरंच सुटतं का हे कळण्याआधीच तिथे जायचं की नाही ते ठरवावं लागणार होतं. समन्वयकाने थांबायचं ठरवलं. त्याचं कारण साधं होतं: ही पिशवी एकच दिवसाची होती. विमान आणखी सहा तास रखडलं असतं तरी ती मर्यादेत राहिली असती, आणि पूर्ण रद्द झालं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणानेही ती साडेचव्वेचाळीस तासांत पोचली असती. विमान ८:४० ला सुटलं.

दोन्ही पिशव्या एकत्र असत्या तर काय झालं असतं, हे आढाव्यात मोजून पाहिलं. सोमवारची पिशवी ४७ तास ४० मिनिटांची होऊन रुग्णालयात पोचली असती. मर्यादा मोडली नसती. वीस मिनिटं उरली असती, आणि फोनवर समन्वयकाला ज्या शांतपणे विचार करता आला तो करता आला नसता.

रुग्णाला दोन संध्याकाळी दोन पिशव्या दिल्या गेल्या. त्यापुढची वैद्यकीय हकीकत रुग्णाची खासगी आहे. ती इथे देत नाही.

पहिली वाहक रिकामी पेटी घेऊन परतताना विमान अलास्काच्या बाजूने, ध्रुवावरून आलं. जाताना कझाखस्तान, येताना उत्तर ध्रुव. त्याच दोन शहरांमध्ये एकाच आठवड्यात जवळजवळ उलट दिशांच्या दोन वाटा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे हिवाळ्याकडे बळावतात आणि जाताना त्यांची पाठ मिळते, येताना त्यांना टाळायचं असतं. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं तेव्हा वाट सुमारे १,४०० किमीने लांबली आणि तरी वेळ वाचला, तोही याच वाऱ्यांमुळे. वैमानिकांना हे सगळं रोजचं आहे. तक्ता बनवणाऱ्यांना मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

तिकीट आणि तक्ता वेगवेगळ्या हातांत असणं ही खरी भेग होती. आकडा चुकीचा होता हे निमित्त. पहिल्याच दिवशी कुणी सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा केली असती, तर सहा आठवड्यांनी वाहकाला फोन करावा लागला नसता. आता केंद्रात असा नियम आहे की तक्ता तिकिटावरूनच भरायचा. तिकीट नसेल तर प्रवासाच्या वेळेचा रकाना रिकामा ठेवायचा. अंदाजाने भरलेला रकाना खऱ्यासारखाच दिसतो, म्हणून तो रिकामाच बरा.

मंगळवारच्या फोनवरचा निर्णयही आधी लिहिता आला असता. "अमुक वाजेपर्यंत मुख्य विमान सुटलं नाही तर राखीव घ्यायचं" अशी एक वेळ प्रत्येक पिशवीसाठी तिच्या वयावरून काढता येते. समन्वयकाचं उत्तर बरोबर आलं, पण ते विमानतळाच्या गोंगाटात, फोनवर आलं. पुढच्या आराखड्यांत ही वेळ छापलेली असते.

दोन वाहकांच्या खर्चाबद्दल केंद्रात अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं असं की एका दिवसात पुरेशा पेशी मिळण्याची शक्यता चांगली असेल तिथे दुसरा वाहक सज्ज ठेवणं परवडत नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, निदान या मार्गावर तरी नाही, कारण इथे एकत्र पाठवणं म्हणजे राखीव वाट सोडून देणं. ७,८०० किमीची वाट उघडी असताना हाच हिशेब वेगळा आला असता. आकाश पुन्हा उघडलं तर तो पुन्हा मांडावा लागेल.

केंद्राचं पुढचं टोकियो संकलन मार्चच्या अखेरीस आहे. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी फिनलंडचं घड्याळ पुन्हा एक तास पुढे जातं आणि विमानांचं उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं. तक्त्याचा पहिला मसुदा समन्वयकाने पाठवला आहे. प्रवासाच्या वेळेचा रकाना त्यात रिकामा आहे.